आसगावची टिक

चौकोनात टिक असली तर दाखव, नसली तर दाखवू नको. मोबाईलच्या पडद्यावरच्या त्या चौकोनाला यापलीकडे काही अर्थ नाही, कधी नव्हता आणि जगाच्या पाठीवर कुठेही नाही, असे चंद्रकुमारचे ठाम म्हणणे होते. म्हणणे खोटे नव्हतेच. पण त्याचे राहणे पवनीत आणि सासुरवाडी आसगावात, त्यामुळे जगाच्या पाठीवर काय चालते याला फारशी किंमत नव्हती. एका टिचभर चौकोनापायी सासरच्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले, बायकोने चहात साखर घालणे सोडले, आणि ज्या फलकावर त्याचे नाव यायचे तिथे शेजारच्या गोपीचंदचे नाव आले. त्यातला शेवटचा घाव सगळ्यात खोल होता.

हे सगळे घडले मंडईपायी. आता मंडई म्हटल्यावर कोणाला भाजीबाजार आठवत असेल तर त्याने तो विसरावा. भंडाऱ्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावाची जत्रा. दर गावाची तारीख वेगळी. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, वडे, रस्सा, दुपारी चौकात दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, आणि रात्री नाटक. लेकी-जावयांनी त्या दिवशी यायचे म्हणजे यायचे. लग्नाला नाही गेले तरी एकवेळ चालते, कारण लग्नात जेवणावळीच्या गर्दीत कोण आले कोण नाही हे कळत नाही. मंडईला गेले नाही तर कळते, आणि पुढच्या मंडईपर्यंत लक्षात राहते.

मागच्या वर्षी बायकोच्या माहेरची, म्हणजे आसगावची मंडई आणि बहीण रत्नाबाईच्या बोरटोल्याची मंडई एकाच दिवशी आली. चंद्रकुमार आणि शुभांगी दुपारी बोरटोल्याला जेवले. नंतर आसगावला जायचे होते, पण गेले नाहीत. चंद्रकुमारच्या मते याचे कारण तारखांची पूर्वसूचना नसणे हे होते. रत्नाबाईने आंगणात खाट टाकली, तो त्या खाटेवर क्षणभर टेकला आणि संध्याकाळी उठला, ही गोष्ट घडली होती, पण तांत्रिकदृष्ट्या ती गौण होती.

चंद्रकुमारचा पवनीत कॉम्प्युटर क्लास आहे. गावात त्याला सर म्हणतात. सर म्हणवून घेणाऱ्या माणसाने संकटातून रडगाणे नव्हे, सॉफ्टवेअर काढायचे असते. त्याने ठरवले की तालुक्यातल्या सगळ्या मंडयांची एक मोबाईल दिनदर्शिका करायची. प्रत्येक गावाचे वेगळे पान, प्रत्येकाचा वेगळा रंग. ज्याचे नातलग जिथे, त्याने ती गावे निवडावी, सगळी पाने एकावर एक दिसावी आणि कुठे दोन मंडया एकाच दिवशी आदळतात ते आधीच कळावे. दिनदर्शिका करणे सोपे होते. त्या 'निवडावी' या एका शब्दात एवढा खड्डा असेल असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

पहिल्यांदा त्याने गावांच्या नावापुढे रिकामे चौकोन दिले. वापरणाऱ्याने टिक लावावी, गाव दिसावे. चाचणीसाठी गोपीचंदला बोलावले. गोपीचंद वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला; यंत्राशी आपला जन्माचा संबंध आहे, असे त्याचे मत. त्याने ॲप उघडले, बराच वेळ पाहिले आणि फोन परत दिला.

"सर, या वर्षी मंडया बंद हाय का?"

"आधी गाव निवडा ना. डावीकडं नावं हाय."

"मले काय मालूम मले कोनतं गाव पाह्याचं हाय? तू दाखव, मंग मी सांगतो."

हा युक्तिवाद चंद्रकुमारला संतापजनक वाटला, आणि रात्री विचार करता तो बरोबर आहे असे लक्षात येऊन अधिकच संतापजनक वाटला. त्याने सगळी गावे आधीच निवडलेली ठेवली. आता दिवाळीनंतरचा महिना असा रंगला की तारखा दिसेनात. गोपीचंदने फोनची अक्षरे एवढी मोठी करून ठेवली होती की पडद्यावर दोनच गावे मावत. बोट सरकवले की खाली आणखी गावे आहेत, हे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही. तालुक्यात दोनच गावे मंडई करतात आणि बाकीच्यांनी खर्चाला भिऊन सोडली, असे तो पानठेल्यावर सांगत फिरला.

मग चंद्रकुमारने चौकोन काढून डोळा दिला. उघडा डोळा म्हणजे गाव दिसते, मिटलेला म्हणजे दिसत नाही. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात, तो स्वतः पाहून आला होता. त्याची आई उषाबाई चष्मा लावून फोनवर वाकली आणि ताठ झाली.

"प्रत्येक गावावर डोळा कायले ठेवला रे?"

"दिसाले."

"लोकाच्या घरी वडे, रस्सा, पाहुने, अन् तू वरून डोळे लावून बसला. नजर लागन ना. अन् हे मिटलेले कोन? हे गाव मेलं का?"

त्याने आईला चिन्हांचे शास्त्र समजावले. उषाबाईने सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉम्प्युटरवरून मीठ-मोहरी उतरवून टाकली. काही मोहऱ्या कीबोर्डात गेल्या. त्या दिवसापासून 'म' हे अक्षर दाबले तर उमटेना, आणि मंडईच्या सॉफ्टवेअरमध्ये 'म' किती लागतो याची कल्पना वाचकाने करावी. डोळा गेला, चौकोन परत आला.

याच सुमारास मंडई समन्वय समितीला या कामाचा वास लागला. गावागावांच्या मंडई मंडळांची ही समिती तारखा ठरवते, म्हणजे तारखा ठरल्या की त्यांना मान्यता देते. अध्यक्ष तुलारामजी. त्यांनी चंद्रकुमारला शाल दिली, ॲप समितीच्या नावावर घेतले आणि पासवर्ड कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवला; ठराव झाला तरच तो बाहेर निघे. मग सूचना सुरू झाल्या. तुलारामजींचे गाव सावळीटोला, अक्षरक्रमात सगळ्यांच्या खाली.

"आसगाव सगळ्यात वर काहून हाय जी?"

"अ-आ-इ-ई प्रमाणं हाय, साहेब."

"तुमची सासुरवाडी हाय म्हनते तिथं."

मुळाक्षरे आपल्या सासऱ्याने केलेली नाहीत, हे सिद्ध करण्यात चंद्रकुमारची एक पूर्ण बैठक गेली. शेवटी ठराव झाला की गावे मानाप्रमाणे लावावीत. मान कोणाचा पहिला यावर दुसरी बैठक उधळली. तिसरीत असे ठरले की रोज वरचे गाव खाली जाईल आणि बाकीची एकेक पायरी वर सरकतील. आता कोणालाच आपले गाव काल जिथे होते तिथे सापडेना. सवयीने बोट जायचे तिथे आज शेजारचे गाव असे. पण अन्याय सगळ्यांवर सारखा होता, म्हणून कोणाची तक्रार राहिली नाही. रंगांचे तर बोलूच नये. कोणत्या गावाला कोणता रंग हा प्रश्न आपल्याकडे किती नाजूक आहे हे चंद्रकुमारला पहिल्याच सभेत समजले, आणि त्याने सगळ्यांना राखाडी दिला.

समितीची शेवटची मागणी अशी की कोणी टिक लावली किंवा काढली तर त्या गावच्या मंडळाला फोनवर निरोप जावा. "पाहुने कोन येऊन राहिले ते कळाले पाहिजे ना, जी," तुलारामजी म्हणाले. टिक म्हणजे येणे नव्हे, नुसते पाहणे आहे, असे चंद्रकुमार सांगत राहिला. सभेने मान डोलावली आणि मागणी मंजूर केली.

इतका अपमान गिळल्यावर माणसाला स्वतःचे म्हणून काहीतरी करावेसे वाटते. चंद्रकुमारने ॲपमध्ये स्वतःच्या बुद्धीची एक वस्तू घातली आणि तिला नाव दिले 'समजूतदार टिक'. एकाच दिवशी दोन गावांच्या मंडया असतील आणि तुम्ही एकीवर टिक लावली, तर दुसरीची टिक आपोआप निघून जाई. सभेने मान डोलावून हीही वस्तू ठरावाने मंजूर केली. तत्त्व साधे होते. एक माणूस एका दिवशी दोन मंडया करू शकत नाही. चंद्रकुमारला ते वैज्ञानिक सत्य वाटले, आणि स्वतःच्या आयुष्यात त्याने ते सिद्धही केले होते.

उद्घाटनाची सभा पवनीत भरली. गावोगावचे मंडळवाले आले. पहिल्या रांगेत आसगाव मंडळाचा सचिव, चंद्रकुमारचा सख्खा साळा धर्मेंद्र, पांढरा शर्ट घालून बसला. मागच्या वर्षीचा राग विसरून त्याने आसगावच्या मंडईच्या फलकाचा मजकूरही तयार केला होता: प्रमुख पाहुणे, संगणकतज्ज्ञ चंद्रकुमारजी, आसगावचे जावई. त्याचा फोटो चंद्रकुमारने मोबाईलात जपून ठेवला होता आणि क्लासच्या पोरांना कारण नसताना दाखवला होता.

भिंतीवर पडदा उजळला. चंद्रकुमारने मुद्दाम स्वतःचेच खाते उघडले. आसगावला टिक होती. "आता पाहा," तो म्हणाला, "यंदाही आसगाव अन् बोरटोला एकाच दिवशी आहेत. मी बोरटोला निवडतो." त्याने बोरटोल्यावर टिक लावली. आणि त्या सगळ्या लोकांसमोर, हातभर मोठ्या चौकोनातून, आसगावची टिक नाहीशी झाली. लगेच धर्मेंद्रच्या खिशात फोन वाजला. त्याने तो काढून वाचला. वाचायची गरज नव्हती, समोर भिंतीवर दिसतच होते.

 धर्मेंद्र उभा राहिला.

"भाऊजी, आमची टिक काढली तुमी."

"मी नाही काढली. सिस्टिमनं काढली."

"सिस्टिम कोनाची हाय?"

"माझीच आहे, पण..."

"मंग कोनं काढली?"

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "जावयानं भरसभेत गाव काढलं." हे वाक्य चंद्रकुमारच्या आधी घरी पोहोचले. तो दारात आला तेव्हा शुभांगी भाजी निवडत होती आणि तिने वर पाहिले नाही.

"ते नुसतं दिसन्यापुरतं असते," त्याने सुरुवात केली.

"मले बी दिसलंच ना. रक्षानं फोनवर फोटो धाडला," ती म्हणाली. रक्षा म्हणजे धर्मेंद्रची बायको. "मागच्या वर्षी झोपले, मी काई बोलली का? माह्या बाबानं संध्याकाळपर्यंत रस्ता पाह्यला. औंदा तं चार लोकाईत नंदेचं गाव लावलं अन् माह्या माहेरचं पुसलं. माह्याशी बोलू नका."

तिचे डोळे भरले होते. चंद्रकुमारला ते पाहून फार वाईट वाटले, आणि आपली चूक नसताना वाईट वाटावे याचा त्याहून जास्त राग आला. त्याने चौकोनाचा इतिहास, टिकेचा अर्थ आणि जगभरातल्या पद्धती यांवर बरेच सांगितले. शुभांगी आत गेली. त्या संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा आला.

साधा उपाय समोर होता. समजूतदार टिक काढून टाकायची, आसगावची टिक परत लावायची, संपले. पण तर्क बरोबर असताना माघार घ्यायची, तीही धर्मेंद्रसमोर, ज्याला आपल्या फोनची टॉर्च बंद करता येत नाही? चंद्रकुमार अडून बसला. मग आसगावहून बातमी आली की फलक बदलला आहे. प्रमुख पाहुणे म्हणून गोपीचंदचे नाव लिहिले आहे. कारण काय, तर गोपीचंदच्या फोनवर तालुक्यातल्या सगळ्या गावांना टिक होती. ती काढायची कशी हे त्या माणसाला सापडलेच नव्हते, आणि लोक म्हणू लागले की मन असावे तर गोपीचंदसारखे, एकाही गावाची टिक काढत नाही. गोपीचंद नवीन बंडी शिवायला टाकून आला आणि जाता जाता चंद्रकुमारला सल्ला देऊन गेला.

"सर, मानसानं सगळ्याईले धरून राहावं."

दुसऱ्या दिवशी चंद्रकुमार समितीच्या कार्यालयात गेला. समजूतदार टिक काढायची आहे, पासवर्ड द्या, म्हणाला. तुलारामजींनी त्याला बसवले, पाणी दिले.

"असं नाई काढता येत जी. ठराव करून मंजूर केलेली टिक हाय. काढाची असन तं सभा घ्या लागन."

"मग घ्या सभा."

"आता सगळे मंडईत हाय. मंडया संपल्या का घेऊ."

आपण केलेली वस्तू, आपल्याच हाताने लिहिलेली, आणि तिला हात लावायला आपल्यालाच परवानगी नाही. तिथून परतताना चंद्रकुमार रस्त्यात मोठ्याने बोलत होता, आणि ओळखीच्या दोघांनी तब्येत विचारली.

मंडईचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी धर्मेंद्रचा निरोप आला होता, चंद्रकुमारला नव्हे, बहिणीला: भरसभेत काढली, भरसभेत लावावी, मग पुढचे बोलू. शुभांगीने तो निरोप भिंतीकडे पाहून सांगितला. पण सांगताना ती थांबली, आणि भिंतीलाच म्हणाली, "बाबा औंदाबी रस्ता पाहतीन."  त्याने मोटारसायकल पुसली.

आसगावच्या चौकात दंडार रंगात आली होती. ती थांबवून चंद्रकुमारला स्टेजवर बोलावण्यात आले. खुर्चीत नवी बंडी घालून गोपीचंद बसला होता, गळ्यात हार. सासरे पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून होते. बायांच्या बाजूला शुभांगी होती, आणि सभेच्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने सरळ त्याच्याकडे पाहिले. माइकवर धर्मेंद्र म्हणाला, "आता आमचे भाऊजी टिक लावून राहिले."

चंद्रकुमारने फोन काढला. आसगावला हात लावला की बोरटोल्याचे काय होणार, हे त्याच्याइतके त्या गर्दीत कोणाला ठाऊक नव्हते. त्याने डोळे मिटून बोट टेकवले. मंडईत जमलेला प्रत्येक माणूस फोनवर होता, त्यामुळे नेटवर्क गोल गोल फिरत राहिले आणि सगळे गाव श्वास रोखून एका राखाडी चौकोनाची वाट पाहत राहिले. मग टिक उमटली. टाळ्या पडल्या. सासऱ्यांनी काठी उचलून हलवली. शुभांगीने पदर तोंडाला लावला, पण ती हसत होती, ते त्याने पाहिले.

त्याच्या हातातला फोन वाजला. बहिणीचा नवरा भूपेंद्र, बोरटोला मंडळाचा खजिनदार. गडबडीत चंद्रकुमारने माइकसमोरच फोन उचलला, आणि आवाज चारही भोंग्यांतून आसगावभर गेला.

"चंदू, आमची टिक गेली. आत्ताच निरोप आला. आमच्या गावानं काय घोडं मारलं?"

"भाऊजी, ती सिस्टिमनं..."

"स्टेज आमच्याकडं बी हाय. ये अन् इथं लाव."

धर्मेंद्रने माइकमध्ये तोंड घातले. "लावू नोका, भाऊजी. तिकडं लावली तं आमची जाते."

चंद्रकुमारने दोन्ही गावांकडे, म्हणजे एका डोळ्याने माइककडे आणि दुसऱ्याने फोनकडे, रागाने पाहिले. दर वर्षी या स्टेजवरून त्या स्टेजवर आपण टिक लावत फिरतो आहोत, असे म्हातारपण त्याला स्पष्ट दिसले. तेवढ्यात शुभांगी स्टेजवर चढली. तिने त्याच्या हातून फोन घेतला, बाजूचे बटन दाबून धरले, पडदा काळा झाला तसा तो आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"आता कोनाचंच गाव नाई दिसत," ती म्हणाली. "दादा, पान वाढ. जेवतो अन् रत्नाताईकडं जातो. नाटकाच्या वेळी वापस येतो."

"एका दिवशी दोन?" चंद्रकुमार म्हणाला.

"अजी, सारेच लोक दोन करतात. बाबा तं तीन करत होते."

सासऱ्यांनी मान हलवली. चंद्रकुमारने चौकाकडे पाहिले. इथे जेवून तिकडे निघालेल्या मोटारसायकली, तिकडून जेवून इथे आलेले फटफटीवाले, मागे बसलेल्या बाया, मांडीवर लेकरे. आपल्या समजूतदार टिकेच्या मुळाशी जे वैज्ञानिक सत्य होते ते या तालुक्यात कधी लागूच नव्हते. एवढे असूनही एकाही माणसाने ते सभेत सांगितले नाही. ठराव मंजूर करताना सगळ्यांनी मान डोलावली होती. त्याला या गोष्टीचा भयंकर राग आला, आणि त्या रागात तो सासऱ्यांच्या शेजारी बसून बरेच वडे जेवला.

बोरटोल्याला पोहोचेपर्यंत शुभांगी मागे बसून सगळा रस्ता बोलत होती. इतक्या दिवसांचे साचलेले होते. भूपेंद्र स्टेजजवळ तयारच उभा होता.

"फोन काढ," तो म्हणाला.

"बंद आहे."

"मंग टिक?"

"मी आलो ना इथं," चंद्रकुमार ओरडला. "हा उभा हाय तुमच्यासमोर, आणखी काय दाखवू?"

भूपेंद्रने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि माइकमध्ये जाहीर केले की पवनीचे पाहुणे आले आहेत. टाळ्या पडल्या. आंगणात रत्नाबाईने मागच्या वर्षीसारखीच कडुनिंबाखाली खाट टाकली होती, वर धुतलेली चादर. जेवण तर झालेच होते. आत शुभांगी आणि रत्नाबाई मोठ्याने हसत होत्या. कोणावर हसत होत्या, ते त्याला विचारायचे नव्हते. चौकोनात टिक म्हणजे नुसते दाखव, तो स्वतःशीच म्हणाला, यात न समजण्यासारखे काय आहे. मग तो खाटेवर आडवा झाला आणि आसगावच्या नाटकाला उठवायचे सांगून, भयंकर संतापात, गाढ झोपला.